नवजात बाळाची कावीळ कशी ओळखावी आणि तपासणी केव्हा करावी?

आपले बाळ चार दिवसांचे आहे, चेहरा पिवळसर दिसतो आहे आणि ही कावीळ आपोआप जाईल की रक्त तपासावे लागेल, असे आपण विचारले आहे. बालरोगतज्ज्ञ म्हणून मी अशा वेळी रंग किती गडद आहे यापेक्षा पिवळेपणा जन्मानंतर किती तासांनी दिसू लागला, हे आधी विचारतो.

पूर्ण दिवसांच्या सुमारे ६० टक्के बाळांना पहिल्या आठवड्यात थोडीफार कावीळ होतेच. त्यांच्या तांबड्या पेशी मोठ्यांपेक्षा लवकर फुटतात आणि त्यांतून निघणाऱ्या बिलिरुबिन या पिवळ्या रंगद्रव्याचा निचरा करण्याइतके यकृत अद्याप तयार झालेले नसते. ही कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते, तिसऱ्या ते पाचव्या दिवसांत सर्वाधिक असते आणि दोन आठवड्यांत ओसरते. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ मात्र कधीही नैसर्गिक समजू नये. आईचा रक्तगट ओ किंवा आरएच निगेटिव्ह असून बाळाचा त्याच्याशी न जुळणारा असल्यास, किंवा बाळात जी६पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या विकराची (एन्झाइमची) कमतरता असल्यास, पेशी झपाट्याने फुटत असू शकतात.

घरी पाहायचे असेल तर दिवसाच्या उजेडात कपाळ किंवा छातीवर बोटाने हलके दाबून सोडावे आणि दाबलेली जागा पिवळी दिसते का ते पाहावे; सावळ्या बाळात डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पाहाव्यात. पिवळेपणा चेहऱ्यापासून पायांकडे उतरत जातो हे खरे, पण त्यावरून बिलिरुबिनचा आकडा ठरवू नये, कारण तेथे अनुभवी डॉक्टरांचा डोळाही फसतो. त्वचेवर टेकवून मोजण्याचे यंत्र प्राथमिक अंदाजासाठी चांगले असते. आकडा उपचाराच्या मर्यादेजवळ असेल, तर रक्तच तपासावे लागते. तो आकडाही बाळाच्या वयाच्या तासांशी ताडून पाहायचा असतो: विसाव्या तासाला १२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर हे काळजीचे, तर पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळात चौथ्या दिवशी तेवढेच प्रमाण सहसा नुसते लक्ष ठेवण्याजोगे असते. (कोवळे ऊन हा फोटोथेरपीला, म्हणजे बाळाला विशिष्ट निळ्या प्रकाशाखाली ठेवण्याच्या उपचाराला, पर्याय नाही.)

बाळ सुस्त पडून राहत असेल, दूध ओढत नसेल, कर्कश आवाजात रडत असेल किंवा पाठ ताठ करून मागे वाकत असेल, तर बिलिरुबिनचा मेंदूवर परिणाम होत असल्याची शक्यता असते. त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

कावीळ दोन आठवड्यांनंतरही राहिली, तर एकूण बिलिरुबिनबरोबर डायरेक्ट बिलिरुबिनही (यकृताने प्रक्रिया केलेला त्याचा भाग) तपासून घ्यावे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी ही मुदत तीन आठवडे धरतात. थायरॉइड आणि लघवीची तपासणीही बहुधा सोबतच होते. डायरेक्ट बिलिरुबिन वाढलेले नसून बाळाचे वजन वाढत असेल, तर ही कावीळ अनेकदा आईच्या दुधाशी संबंधित असते आणि स्तनपान थांबवण्याचे कारण नसते. याउलट, डायरेक्ट बिलिरुबिन १ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असेल, शी पांढुरकी होत असेल किंवा लघवीने लंगोट गडद पिवळा होत असेल, तर पित्तनलिका बंद असण्याची शंका घ्यावी लागते. त्यावरची ‘कसाई’ (Kasai) नावाची, पित्ताला आतड्यात वाट करून देणारी शस्त्रक्रिया शक्यतो ६० दिवसांच्या आत झाल्यास अधिक यशस्वी ठरते. अशी बाळे सुरुवातीला दिसायला छान गुटगुटीत असतात, त्यामुळे बाळ मजेत आहे म्हणून ही तपासणी पुढे ढकलू नये.