एक एकर घेऊन गुंठे पाडून विकायचे? विसार देण्याआधी हे पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोघे भाऊ, दोघेही नोकरदार, नावावर शेती नाही, हाताशी मिळून ३० लाख. तालुक्याच्या गावालगत एक एकर जिरायत ५५ लाखांना मिळतेय. एजंट म्हणतो, गुंठा-गुंठा पाडून विका, वर्षात दुप्पट. घ्यावी का?

अशी घेऊ नका. आधी एजंटचा हिशेबच बघा, कारण तो ४० गुंठे विकण्याचा आहे आणि एकरात तेवढे विकायला उरत नाहीत.

एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. ४,००० च्या वर गेलात की राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार (२०२० पासून लागू) लेआउटमध्ये १० टक्के खुली जागा सोडावी लागते, म्हणजे इथे ४०५ चौरस मीटर. अंतर्गत रस्ता ९ मीटरचा. तो १०० मीटर आत नेला की ९०० चौरस मीटर गेले. उरले सुमारे २,७४०, म्हणजे २७ गुंठे. तिरक्या बांधाची टोके आणि गाडी वळवायची जागा वजा करून २४ धरा. ५५ लाखांना ४० ने भागल्यावर गुंठा १.३७ लाखांना पडतो, २४ ने भागल्यावर २.२९ लाखांना. हा नुसता जमिनीचा भाव झाला. मुद्रांक, मोजणी, आर्किटेक्ट, मंजुरीची शुल्के, गटार, विजेचा डीपी अजून बाकी आहे. रस्त्याचेच बघा: १०० मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि दाबून २० सेंटीमीटर मुरूम म्हणजे १२० घनमीटर, ४२ ब्रास. दबाई धरून ५० ते ५५ ब्रास मागवावा लागतो. तोही रॉयल्टीची पावती असलेला. विनापरवाना मुरुमाला बाजारभावाच्या पाचपट दंड होऊ शकतो.

आता कायदा. कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. विकास आराखड्यात रहिवासी दाखवलेल्या जमिनींना यात सूट आहे, पण ती त्या गट नंबरला लागू होते का हे वकिलाकडून लेखी घ्या. कुणीतरी शेतकरी दाखला 'करून देतो' म्हणेल. तसा व्यवहार पुढे कलम ८४-क खाली अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते, आणि तेव्हा तो दाखला देणारा सापडत नाही.

दुसरी अडचण तुकडेबंदीची. २०२३ च्या अधिसूचनेने प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडून विकता येत नाही ते, जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १० गुंठे आहे. म्हणून मग दहा जणांच्या नावे सामाईक खरेदीखत करतात किंवा नोटरीवर एक-एक गुंठा 'देतात'. सातबारा एकच राहतो, त्यावर दहा नावे, चतुःसीमा कुणाच्याच पक्क्या नाहीत. बांधकाम परवानगी नाही, कर्ज नाही, आणि एकाने भिंत घातली की बाकीचे नऊ जण दाव्यात. शहरी पट्ट्यातल्या जुन्या तुकड्यांना अलीकडे दिलासा मिळाला आहे. त्याच्या भरवशावर नवे पाडणे म्हणजे जुगार.

तिसरे महारेरा, म्हणजे राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण. ५०० चौरस मीटरच्या वरचे प्लॉटिंग नोंदणीशिवाय जाहिरात करून किंवा बुकिंग घेऊन विकता येत नाही. नोंदणीनंतर ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, ते जमीन आणि बांधकामाच्या खर्चालाच, तेही पूर्ण झालेल्या कामाच्या प्रमाणात, निघतात. बुकिंगच्या पैशातून जमीनमालकाचा हप्ता भागवायचा हा जुना खेळ म्हणूनच अवघड झालाय. ५५ लाखांतले २५ कमी असताना तुम्ही नेमके तेच करायला निघाला आहात.

जमीन कुठलीही घ्या, कागद वाचण्याचा क्रम असा ठेवा. सर्वात आधी नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा. लोक सातबाऱ्यापासून सुरू करतात, पण पट्टा (झोन) शेतीचा असेल, वरून विकास आराखड्यातला रस्ता किंवा आरक्षण जात असेल, पूररेषेत किंवा उच्चदाब वाहिनीखाली येत असेल तर सातबारा कितीही स्वच्छ असून उपयोग नाही.

मग सातबारा. भोगवटादार वर्ग १ आहे की २ ते बघा. वर्ग २ ला विक्रीपूर्वी परवानगी आणि बहुतेक वेळा नजराणा (सरकारला भरायची रक्कम) लागतो. 'इतर हक्क' रकान्यात कुळ, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, पुनर्वसनाचा शेरा, वतन-इनाम, आदिवासी जमिनीचा, जमीन महसूल कायद्याच्या कलम ३६-अ चा शेरा. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि आर म्हणजे गुंठा नव्हे: आर १०० चौरस मीटर, गुंठा १०१.१७. पोटखराबाही (लागवडीयोग्य नसलेले क्षेत्र) वेगळा पाहा.

खरी मेहनत फेरफारांत, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींत आहे. सातबाऱ्यावर ज्या ज्या फेरफाराचा क्रमांक दिसतो तो प्रत्येक काढा आणि वारसनोंदींपाशी थांबा. आजोबा वारले तेव्हा मुली किती होत्या आणि नोंदीत किती आल्या? हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. बहिणींचे हक्कसोडपत्र नोंदणीकृत नसेल तर सगळ्यांना साठेखतावर (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) सहीला आणा. 'त्या काही मागत नाहीत' हे वाक्य भाव वाढेपर्यंतच खरे असते. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, ई-कोर्टवर मालकांच्या नावे दावे शोधा.

रस्ता स्वतंत्रपणे तपासा. गावनकाशात नोंद आहे का? तहसीलदारांनी जमीन महसूल कायद्याच्या कलम १४३ खाली बांधावरून दिलेली वाट शेतीच्या वहिवाटीची असते, तिच्यावर लेआउट मंजूर होईल असे धरू नका. शेजाऱ्याच्या तोंडी होकाराची किंमत शून्य.

मोजणीचा अर्ज भूमी अभिलेखकडे मालकाच्या नावे करायला लावा आणि 'क' प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) हातात आल्याशिवाय मोठी रक्कम सोडू नका. सातबाऱ्यावर ४० आर आणि जागेवर ३७ हे नेहमीचे आहे. म्हणून साठेखतात एकरकमी किंमत न लिहिता दर गुंठ्याला लिहा, 'प्रत्यक्ष मोजणीप्रमाणे' हे शब्द घाला, आणि पैसे टप्प्यांना बांधा: विसार, मोजणी, बोजा उतरणे, खरेदीखत. साठेखत नोंदवाच. विसार रोखीत द्यायचा आग्रह झाला तरी चेकनेच द्या. स्थावर व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेणाऱ्यावर तेवढाच दंड बसू शकतो.

३० लाखांत सुरुवात करायची तर मंजूर लेआउटमधला महारेरा नोंदणीचा एक बिगरशेती प्लॉट घ्या. सातबारा किंवा मिळकत पत्रिका स्वतंत्र मिळते, बँक कर्ज देते, विकायला गिऱ्हाईक सापडते. सगळे पैसे त्यात घालू नका. जमीन अडीनडीला आठवड्यात विकली जात नाही. विकसनच करायचे असेल तर जमीन विकत न घेता मालकाशी नोंदणीकृत विकसन करारनामा करा, त्याला प्लॉटमध्ये हिस्सा द्या. पैसा मंजुरी आणि कामात घाला. तरी पहिल्या खेपेला अनुभवी भागीदार हवाच.

त्या एका एकराबद्दल: एजंटकडून फक्त गट नंबर मागा आणि झोन दाखला काढा. गावठाणापासून २०० मीटरच्या आत असेल तर जमीन महसूल कायद्याच्या कलम ४२-ड ची (गावठाणालगतच्या निवासी वापराची) वाट तपासता येईल. नसेल आणि पट्टा शेतीचा निघाला, तर एजंटला लगेच नाही म्हणून कळवून टाका.