इंग्लंडमध्ये कौन्सिल टॅक्स (स्थानिक परिषदेला भरायचा घरावरचा कर) थकला असेल, तर वसुलीपासून काही काळ सवलत मिळते का?

होय. इंग्लंड आणि वेल्समध्ये ४ मे २०२१ पासून लागू असलेल्या ‘ब्रीदिंग स्पेस’ योजनेत कौन्सिल टॅक्सची थकबाकीही धरता येते आणि संरक्षण मिळाल्यावर ६० दिवस त्या रकमेसाठी बेलिफ (थकबाकी वसूल करायला घरी येणारा अधिकारी) पाठवण्यासह वसुलीची बहुतेक कारवाई थांबते. अर्ज अधिकृत कर्जसल्लागारामार्फतच करावा लागतो. हा सल्ला मोफतही मिळतो, म्हणून बेलिफ दारात येईपर्यंत कृपया थांबू नका. मात्र थकबाकी माफ होत नाही, आणि या काळात नव्याने देय होणारे हप्ते ऐपत असूनही भरले नाहीत, तर सल्लागार हे संरक्षण रद्द करू शकतो, हे अनेकांना फार उशिरा कळते. ही नेहमीच्या प्रकारची ६० दिवसांची सवलत बारा महिन्यांत एकदाच मिळते.