श्वासासाठी कॉमा नसतो

प्रश्न: सर, मी एचआरमध्ये आहे. ज्यांनी ट्रेनिंग पूर्ण केलं त्यांनाच बोनस आहे, म्हणून मी मेलमध्ये लिहिलं, 'द एम्प्लॉइज हू कम्प्लीटेड द ट्रेनिंग विल गेट अ बोनस'. आमच्या साहेबांनी 'हू'च्या आधी एक आणि 'ट्रेनिंग'च्या नंतर एक असे दोन कॉमा टाकले, म्हणाले वाक्य लांब आहे, श्वास घ्यायला जागा पाहिजे. बरोबर काय? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर: तुमचं बरोबर आहे, आणि मेल अजून गेला नसेल तर आधी ते दोन्ही कॉमा काढा. कॉमा नसताना वाक्याचा अर्थ होतो, ट्रेनिंग केलेल्यांनाच बोनस. कॉमा टाकले की तेच वाक्य सांगतं की बोनस सगळ्या एम्प्लॉइजना आहे, आणि ट्रेनिंगही सगळ्यांनी केलेलं आहे. एक शब्द बदललेला नाही पण पैसे कोणाला मिळणार तेच बदललं, आणि उद्या ट्रेनिंग न केलेला माणूस तो मेल घेऊन तुमच्या टेबलाशी आला तर त्याचं चूक म्हणता येणार नाही.

शाळेत आपल्याला 'जिथे थांबतो तिथे स्वल्पविराम' एवढंच शिकवतात आणि ते अर्धवट आहे. लिहिताना स्वतःला विचारायचं, 'कोणता?' किंवा 'कोणते?' त्याचं उत्तर त्या क्लॉजशिवाय, म्हणजे 'हू' किंवा 'विच'पासून सुरू होणाऱ्या तुकड्याशिवाय, मिळत नसेल तर कॉमा नको, आणि ओळख आधीच पटलेली असेल, क्लॉज फक्त जास्तीची माहिती देत असेल, तर कॉमा हवा. 'माय ब्रदर हू लिव्ज इन नागपूर इज कमिंग टुमारो' असं बिनकॉमाचं लिहिलं तर वाचणारा धरून चालतो की तुम्हाला आणखी भाऊ आहेत आणि त्यातला नागपूरचा येतोय. एकच भाऊ असेल तर 'हू लिव्ज इन नागपूर'च्या दोन्ही बाजूंना कॉमा. म्हणजे भाऊ किती हे माहीत असल्याशिवाय नुसतं वाक्य बघून कॉमा ठरवताच येत नाही! विशेषनाम असेल तर सोपं, मुंबई एकच आहे, म्हणून 'मुंबई, विच इज द कॅपिटल ऑफ महाराष्ट्र,' इथे कॉमा येणारच.

आपल्या लोकांची इथे गडबड होते त्याचं मला तरी एक कारण दिसतं. 'ज्यांनी ट्रेनिंग केलं त्यांना बोनस' म्हटलं की कोणाला ते 'ज्यांनी-त्यांना' या जोडीतूनच कळतं, त्यासाठी मराठीला चिन्ह लागत नाही. विरामचिन्हं मुळात आपल्याकडे आली एकोणिसाव्या शतकात, ती रुळवण्याचं श्रेय इंग्रज अधिकारी मेजर थॉमस कँडींना देतात, त्याआधीही मराठी व्यवस्थित लिहिली-वाचली जातच होती. इंग्रजीत मात्र हे काम कॉमाच करतो.

प्रश्न: सुरुवातीला कॉमा दिला की शेवटी पण द्यायलाच लागतो का? एकाने काय बिघडतं? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: वाक्य तिथेच संपत नसेल तर द्यायलाच लागतो. जास्तीची माहिती कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे दोन्ही कळायला हवं. कॅनडात यावर मोठं भांडण झालं होतं. रॉजर्स या केबल कंपनीने तारा टाकायला खांब वापरण्याचा करार केला होता, समोर होती अलायंट ही टेलिफोन कंपनी. करार पाच वर्षांचा, 'अँड देअरआफ्टर' पुढे आणखी पाच-पाच वर्षांचा, आणि मग वर्षभराची नोटीस देऊन रद्द करण्याची अट. या पुढच्या पाच-पाच वर्षांच्या तुकड्याच्या आधी एक कॉमा होता आणि नंतर, 'अनलेस'च्या आधी, दुसरा. अलायंट म्हणाली, दोन कॉमांमधला भाग हा मधे घातलेला आहे, तो उचलून बाजूला ठेवा, मग नोटिशीची अट पहिल्या पाच वर्षांनाही लागू होते. रॉजर्सचं म्हणणं, पहिली पाच वर्षं पक्की आहेत. 2006 मध्ये तिथल्या टेलिकॉम नियामकाने कॉमाचा नियम लावून अलायंटच्या बाजूने निकाल दिला, रॉजर्सचे वीस लाख डॉलरच्या वर पणाला लागले होते. 2007 मध्ये निकाल फिरला, पण तो कराराची फ्रेंच प्रत पाहून, कारण तिच्यात अर्थ स्पष्ट होता. तो तुकडा क्लॉज नाही, फ्रेज आहे, म्हणजे त्यात क्रियापद नाही, तरी नियम हाच.

प्रश्न: 'विच'च्या आधी कॉमा आणि 'दॅट'च्या आधी नाही, एवढं पाठ केलं तर चालेल? (एक वाचक, दादर)

उत्तर: अमेरिकन क्लायंटसाठी लिहीत असाल तर बऱ्यापैकी चालेल, तिकडचे एडिटर तसंच पाळतात. ब्रिटिश इंग्रजीत मात्र 'द फाइल विच आय सेंट यू' बिनकॉमाचंही सर्रास लिहितात, तिथे 'विच' बघून काही कळत नाही, कॉमाच बघावा लागतो. आणि 'हू', 'हूज'ला हे पाठांतर कामाचं नाही, तिथे 'कोणता?' विचारावंच लागेल. 'द फाइल, दॅट आय सेंट यू, इज मिसिंग' हे मात्र दोन्हीकडे चूक, त्यात 'दॅट'चं 'विच' करा नाहीतर कॉमा काढा, फाइल एकच होती की अनेक त्यावरून ठरवा.