मेट्रो वेगात गेली की पूल जास्त हलतो का? मग ताशी ३२० किमीच्या गाडीचं काय?

तुमचा प्रश्न असा आहे: घर पुण्यात कर्वे रस्त्यावर आहे, मेट्रो गेली की पुलाखाली उभं राहिल्यावर थरथर जाणवते. वेग वाढवला तर पूल आणखी हलेल का, आणि ताशी ८० किमीला ही गत, तर बुलेट ट्रेनचा पूल टिकणार कसा?

मी उन्नत मार्गांच्या डिझाइनमध्ये काम करतो. थेट उत्तर द्यायचं तर वेग वाढला म्हणजे हलणं वाढलंच असं नाही. सगळा खेळ ठेक्याचा आहे. डबे पुलावर किती वेळाने एकामागून एक येतात आणि पुलाचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, स्वतः सेकंदाला किती वेळा वरखाली होतो, हे दोन आकडे जुळले की त्रास सुरू होतो.

पुण्याचाच हिशोब करू. मेट्रोचा डबा साधारण २२ मीटर लांब. ताशी ८० किमी म्हणजे सेकंदाला २२ मीटर. म्हणजे गाळ्याला सेकंदाला एक धक्का. दोन खांबांमधला २५ ते ३० मीटरचा काँक्रीटचा गाळा मात्र सेकंदाला चार-पाच वेळा हलणारा असतो. हे दोन्ही जुळायला गाडीला ताशी साडेतीनशे किमीच्या आसपास पळावं लागेल. मधे मधे दर चौथ्या-पाचव्या हेलकाव्याला धक्का बसतो हे खरं, पण तो जोर कमी असतो, आणि तीन डब्यांची गाडी हेलकावा वाढत जाण्याआधीच पुढे निघून जाते.

मग तुम्हाला जाणवतं ते काय? मोजणी करताना आम्ही बॉक्सच्या, म्हणजे पोकळ पेटीसारख्या गाळ्याच्या, पोटात शिरून मध्यावर ॲक्सलरोमीटर (हलणं मोजणारं यंत्र) बसवतो. पहिली बोगी वर आली की स्क्रीनवरची रेघ एकदम जाड होते, बारीक बारीक दातांनी भरून जाते. ती चाक आणि रुळाच्या पृष्ठभागावरच्या खडबडीतपणाची थरथर, सेकंदाला कित्येक दहांच्या घरातली. शेवटची बोगी उतरली की दात गायब होतात आणि मागे एक स्वच्छ, संथ लाट उरते, जी काही सेकंदांत विरते. ती गाळ्याची स्वतःची चाल. पूल किती ताठ आहे हे ही लाट सांगते, म्हणून मला तीच जास्त मोलाची वाटते. तुमच्या पायांना आणि खिडकीच्या काचांना कळते ती बहुतेक पहिली, दातांची. तिचा पुलाच्या ताकदीशी फारसा संबंध नसतो. तिचा इलाज रुळाला ग्राइंडिंग (घासून गुळगुळीत करणं), चाकांना टर्निंग (कातून पुन्हा गोल करणं) आणि रुळाखालचे रबरी पॅड.

गाडी चालती असताना पूल स्थिर वजनापेक्षा जास्त वाकू शकतो, हे कळायला मात्र माणसं गेली आहेत. १८४७ मध्ये इंग्लंडात चेस्टरला डी नदीवरचा बिडाचा पूल गाडीखाली मोडला आणि पाच जण मेले. चौकशी आयोग बसला, रॉबर्ट विलिस यांनी तुळयांवरून गाडे सोडून प्रयोग केले आणि १८४९ मध्ये गणितज्ञ स्टोक्स यांनी त्याचं गणित मांडलं. आज आपल्या रेल्वेच्या पूल-नियमांत यासाठी सूत्रच आहे: गाळ्याच्या मीटरमधल्या लांबीत सहा मिळवायचे, त्या बेरजेने आठला भागायचं, आणि त्यात ०.१५ मिळवायचे. २८ मीटरच्या गाळ्याला ते सुमारे ०.३८५ येतं. म्हणजे उभ्या गाडीचा जितका भार, त्याच्या ३८ टक्के जास्त धरूनच पूल बांधायचा.

उलट बाजू लोकांच्या लक्षात येत नाही. पूलसुद्धा गाडीला हलवतो. प्रीस्ट्रेस दिलेला, म्हणजे आतल्या पोलादी तारा ताणून आधीच दाबून ठेवलेला, गाळा वर्षानुवर्षांत मध्यावर थोडा वर उचलला जातो. असे ओळीने गाळे आले की गाडीला प्रत्येक गाळ्याला एक उंचवटा लागतो. सेकंदाला २२ मीटर आणि २८ मीटरचा गाळा, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.८ उंचवटे, आणि डब्याच्या एअर स्प्रिंगची चाल असते सेकंदाला एकाच्या जवळपास. हे दोन आकडे मला जास्त अस्वस्थ करतात. पूल शाबूत राहील, पण आत उभ्या असलेल्या माणसाला डबा झुलल्यासारखा वाटेल. म्हणून हा उंचवटा किती होऊ द्यायचा, यावर मिलिमीटरांत भांडण चालतं, आणि ते चाललंच पाहिजे.

आता बुलेट ट्रेन. शिंकान्सेनचा, म्हणजे जपानी बुलेट ट्रेनचा, डबा २५ मीटरचा. ताशी ३२० म्हणजे सेकंदाला सुमारे ८९ मीटर, म्हणजे सेकंदाला साडेतीन धक्के. आणि ४० मीटरचा गाळा सेकंदाला तीन ते सहा वेळा हलणाऱ्यांच्या वर्गात मोडतो. इथे ठेका खरोखर जुळू शकतो, त्यात गाडी लांब, धक्के एकावर एक चढत जातात. म्हणूनच मुंबई–अहमदाबाद मार्गावरचा ४० मीटरचा अखंड बॉक्स तब्बल ९७० टनांचा आहे. निव्वळ वजन पेलायला एवढं काँक्रीट लागलं नसतं; ते ताठपणासाठी आहे. शिवाय गणितात एक सुंदर सूट मिळते. गाळा डब्याच्या दीडपट असेल, तर ठेका जुळला तरी चाक चढताना उठलेली लाट आणि उतरताना उठलेली लाट एकमेकींना खोडतात. ४० भागिले २५ म्हणजे १.६, दीडच्या जवळच.

फ्रान्समध्ये पॅरिस–लियॉं मार्गावर छोट्या पुलांवरची रुळाखालची खडी वेगवान गाड्यांच्या हादऱ्यांनी सैल झाली होती. तेव्हापासून युरोपात खडीच्या पुलांच्या त्वरणाला ०.३५ जी (गुरुत्वत्वरणाच्या ०.३५ पट) ही मर्यादा आहे.

तुमच्या घरापुरतं सांगायचं तर नुसतं ऐका. ठरावीक गाडीलाच टक्‌-टक् येत असेल तर चाकाला चपटा भाग पडलाय. प्रत्येक गाडीला एकाच जागी दणका बसत असेल तर तिथला रूळ किंवा सांधा बघायला हवा. वेळ आणि जवळच्या खांबाचा नंबर लिहून मेट्रोला कळवा. देखभालीच्या माणसांना नुसत्या ‘फार आवाज येतो’पेक्षा खांबाचा नंबर कितीतरी उपयोगी पडतो.