ध्येयाचं पान शेवटी लिही

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

मसुदा मिळाला. तुमच्या पहिली ते आठवीच्या विनाअनुदानित शाळेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेतलं 'ध्येय, मूल्ये आणि वाटचाल' हे प्रकरण तुझ्या गळ्यात पडलं, याचा अर्थ संस्थेचा तुझ्यावर विश्वास आहे, किंवा बाकी कुणाला वेळ नाही. बहुधा दोन्ही. लिहितेस छान, पण पहिलं पान वाचून ही शाळा एरंडोलची की नवापूरची, तेच मला कळेना. सर्वांगीण विकास, संस्कारक्षम पिढी, उज्ज्वल भवितव्य. चोपड्यापासून शहाद्यापर्यंत कुठल्याही फाटकावर ही पाटी शोभेल. ते पान सध्या बाजूला ठेव आणि आधी वाटचाल लिहायला घे.

त्यासाठी लगेच संस्थापकांची मुलाखत घ्यायला जाऊ नकोस. ते उद्घाटनाचं सांगतील, पत्र्याच्या शेडचं सांगतील, आणि ते खरंच असेल. पण आधी क्लार्ककडून दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे कोण कधी शाळेत आलं आणि कधी गेलं याची नोंदवही, मागून घे आणि एका दुपारी निवांत बस. मातृभाषेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'मराठी' लिहिलेलं दिसेल. त्यातली निम्मी पोरं पहिल्या दिवशी 'माले घर जानं शे' म्हणून रडली असणार. कुणाच्या घरी अहिराणी, कुणाच्या लेवा बोली, सातपुड्याकडून आलेल्यांच्या घरी पावरी किंवा भिली. पहिलीच्या बाईंनी त्या रडणाऱ्याला कोणत्या बोलीत समजावलं, हे रजिस्टरमध्ये नसतं. ते त्या बाईंनाच विचार. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा म्हणतं. तुमच्याकडे ते किती झालं, हे प्रामाणिकपणे लिहिलंस तर मूल्यांचा अर्धा मजकूर तिथेच होईल.

मग शेवटच्या रकान्यांकडे जा: शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. स्मरणिका काढणारे हा रकाना कधी उघडत नाहीत. 'पालकांचे स्थलांतर', 'सतत गैरहजर', 'पालकांची इच्छा' अशी ठरावीक कारणं दिसतील. तारखांवरून बोट फिरव. दिवाळीच्या आसपासच्या तारखा दाटीने आल्या, तर ती पोरं आईबापांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेली असण्याची शक्यता फार. कापूस वेचणीला जाणारी पोरं शाळेतून नाव काढत नाहीत, नुसती शाळा बुडवतात. त्यांच्यासाठी वर्गाचे जुने कॅटलॉग, म्हणजे हजेरीपत्रकं, बघ. एखाद्या वर्षी ही गळती कमी दिसली, तर त्या वर्षी शाळेने काय वेगळं केलं ते शोध. कुणीतरी वस्तीवर चकरा मारल्या असतील, कुणीतरी मुलाला नातलगाकडे ठेवून घ्यायची खटपट केली असेल. तुझ्या इतिहासाची खरी माणसं ती. छापताना मुलांची नावं मात्र घालू नकोस.

आता आठवीचा विषय. तू सहज लिहून गेलीस, 'पुढे आठवीचा वर्ग सुरू झाला.' असं एका ओळीत नको. आपल्याकडे जुनी रचना चौथीपर्यंत प्राथमिक, पाचवी ते सातवी उच्च प्राथमिक. 2009 चा तोच शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि पहिली ते आठवी हे एक सलग शिक्षण ठरलं. सातवीवर थांबणाऱ्या तुमच्यासारख्या शाळेपुढे तेव्हा खोलीचा, शिक्षकाचा, पैशाचा प्रश्न उभा राहिला असणार. संस्थेच्या सभेत कोण काय बोललं ते प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, पाहा.

त्याच्याच पुढचा प्रश्न, नववी-दहावी का काढली नाही. मसुद्यात तू त्याबद्दल जरा ओशाळून लिहिलंयस. मला उलट वाटतं. दहावी नाही म्हणून चौकात निकालाचा फ्लेक्स लावायचा मोह नाही, आणि सहावीपासूनच बोर्डाचे पेपर सोडवून घ्यायची घाई नाही. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला सर्वांत मोठं होऊन धाकट्यांना सांभाळायला मिळतं, ते अशाच शाळेत. दहावीपर्यंतच्या शाळेत आठवीचं पोर मधल्या मधेच राहतं. तोटाही लिही: आठवीनंतर पोरींना दुसऱ्या गावी एसटीने जावं लागतं आणि काहींचं शिक्षण तिथेच थांबतं. नववीसाठी दाखला नेलेल्या मुलींपैकी किती दहावीला बसल्या, याची चौकशी शाळेने कधी केली का? केली नसेल तर तू आता सुरू कर, स्मरणिका होवो न होवो.

पैशाबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. विनाअनुदानित शाळेची मूल्यं बघायची तर जमाखर्चात बघावीत असं माझं मत आहे. पगार फीतून होतो हे लपवण्यासारखं नाही. शिक्षक सरासरी किती वर्षं टिकतात ते काढ. दर जूनला नवे चेहरे येत असतील तर 'आपुलकीचं वातावरण' हे शब्द खोड. त्याच कायद्याच्या कलम 12 प्रमाणे पहिलीच्या प्रवेशात किमान 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या. 2024 च्या फेब्रुवारीत राज्याने नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळांना यातून सूट दिली होती. उच्च न्यायालयाने जुलैत तो बदल रद्द केला. मधल्या त्या महिन्यांत तुमच्या सभेत काय ठरलं? सूट असूनही कुणी 'आपण प्रवेश देऊ' म्हटलं असेल, तर ते वाक्य ठळक अक्षरात छाप. आणि हो, 'प्रवेशापूर्वी पालकांशी अनौपचारिक गप्पा' असं तू कौतुकाने लिहिलंयस. कलम 13 मुलाची किंवा आईबापाची चाळणी करायला मनाई करतं. त्या गप्पांनंतर कुणाला प्रवेश नाकारला गेला का, ते आधी विचारून घे.

साने गुरुजींचा फोटो पहिल्या पानावर टाकायचा बेत आहे म्हणे. खानदेशात त्यांच्यावाचून कुठल्याच शाळेचं पान हलत नाही. गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते. वसतिगृह सांभाळताना मुलांच्या खोल्या झाडायचे, अंथरुणं आवरायचे, मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढायचे, आणि मग नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. फोटो टाकायचा तर त्यातलं तुमच्याकडे काय आलं ते खाली लिही. मी आलो होतो तेव्हा सातवीच्या दारामागे झाडण्याच्या पाळीचा तक्ता चिकटवलेला पाहिला. शुक्रवारी वर्गशिक्षकांचं नाव होतं, आणि त्या शुक्रवारी ते खरंच झाडू घेऊन उभे होते, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून. मसुद्यात हे नाही. तुला किरकोळ वाटलं असेल. मला विचारशील तर ध्येयाच्या पानाची सुरुवात याच तक्त्याने कर.

अध्यक्षांना गळतीचा भाग रुचणार नाही. त्यांना आधी तोंडी सांग, एकटीने गाठून, सगळ्या संचालकांपुढे नको. आकडे काढायला नको म्हणणार नाहीत, छापायला म्हणतील. तेव्हा वरिष्ठ शिक्षकांपैकी एकाला सोबत ने.

छपाई श्रावणानंतर म्हणतेस. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आपली खानदेशची देवी, घरोघरी बसते, सोमवारी विसर्जन, त्या दिवसांत क्लार्क काय, कुणीच हाती लागणार नाही. रजिस्टरचं काम त्याआधी उरकून घे आणि दुसरा मसुदा मला पाठव. या खेपेला जरा मोठ्या अक्षरात.

तुझे,
सर