आजींना कळत नाही, असं लिहिण्याआधी

प्रिय विद्यार्थिनी,

तुझा प्रस्ताव वाचला. मांडणी नेटकी आहे, पण पहिल्याच पानावर तू निकाल देऊन टाकलास की वय वाढलं की निर्णयक्षमता घटते. मग अभ्यास करायचा कशासाठी?

फर्ग्युसन रस्त्यावरची तीस कॉलेजची मुलं, कोथरूडच्या ज्येष्ठ नागरिक संघातले तीस सभासद, दोघांना एकच चाचणी, आणि गुणांतला फरक म्हणजे वयाचा परिणाम. ही रचना सोपी, म्हणूनच दर वर्षी कुणीतरी ती घेऊन माझ्याकडे येतं. त्या तिसांतल्या पंच्याहत्तरीच्या एखाद्या बाईंची शाळा सातवीत सुटलेली असेल, कॉम्प्युटरचा माऊस त्यांनी कधी हातात धरला नसेल. समोरची मुलं परीक्षा देऊन देऊन तयार झालेली. मग तू वय मोजलंस की शिक्षण? मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाई यांनी १९५६ साली अमेरिकेत सिअॅटलमध्ये एक अभ्यास सुरू केला आणि तीच माणसं दर सात वर्षांनी पुन्हा तपासली. तरुण आणि वृद्ध एकाच वेळी शेजारी बसवून जी घसरण दिसायची, ती इथे बरीच उशिरा आणि कमी तीव्रतेची निघाली. तू सात वर्षं थांबावंस असं म्हणत नाही, तुला एम.ए. संपवायचं आहे. निदान दोन्ही गटांतलं शिक्षण लक्षात घे. ज्येष्ठांवरची भारतातली मोठी पाहणी, 'लासी', तीही बघ. तिची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली, ७२ हजारांहून जास्त माणसं होती, आणि मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ती चालवते.

एक गोष्ट खरंच घटते, ती म्हणजे वेग. मानसशास्त्रज्ञ टिमथी सॉल्टहाऊस यांनी १९९६ मध्ये ते सविस्तर मांडलं. म्हणून तुझ्या चाचणीतली प्रत्येक प्रश्नाला वीस सेकंदांची मर्यादा काढ, नाहीतर मर्यादेसह आणि मर्यादेशिवाय अशा दोन्ही प्रकारे घे. घड्याळ लावून मिळालेल्या गुणांना शहाणपणाचे गुण म्हणू नकोस.

आता खरा मुद्दा. आपल्याकडे सध्या ज्येष्ठांचे मोठे निर्णय कुठे पाहायला मिळतात? पुनर्विकासात. सहकारनगर घे, कोथरूड घे, पन्नास वर्षांच्या सोसायट्या पाडून टॉवर उभे राहताहेत. बिल्डर वाढीव कार्पेट एरिया देतो, कॉर्पस म्हणजे एकरकमी पैसे देतो, तीन वर्षांचं भाडं देतो. सगळे सभासद सही करतात आणि दुसऱ्या मजल्यावरच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी अडून बसतात. नातू म्हणतो, आजीला हिशेब कळत नाही. मला वाटतं आजींचा हिशेब चोख आहे, फक्त तो नातवाचा नाही. तीन वर्षं परक्या भाड्याच्या घरात काढायची, तिथे ना ओळखीचा वाणी ना शेजारी, आणि नव्या घरात राहायला मिळेल की नाही तेही ठाऊक नाही. वाढीव दोनशे चौरस फूट त्यांच्या कोणत्या कामाचे?

मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टनसन यांचं म्हणणं इथे उपयोगी पडतं. पुढे किती काळ उरला आहे असं माणसाला वाटतं, त्यावर त्याची निवड ठरते. वयाचा संबंध येतो तो त्यामार्फत. १९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे जाण्याच्या तोंडावर तिथल्या लोकांना विचारलं होतं, मोकळा वेळ कुणाबरोबर घालवाल? एरवी नव्या ओळखी शोधणारी तरुण मंडळीही वृद्धांसारखीच घरच्या माणसांकडे झुकली. पुढच्या वर्षी तरुण आणि वृद्धांतला फरक पुन्हा दिसू लागला. ही गोष्ट तुझ्या प्रस्तावात यायलाच हवी, कारण तिच्यामुळे तुझा मूळ प्रश्नच बदलतो.

पण म्हणून सगळ्या म्हाताऱ्या माणसांना ज्ञानी ठरवू नकोस. तो दुसरा आळस. पोलीस असल्याचं भासवून धमकावणाऱ्या 'डिजिटल अरेस्ट'च्या फोनवर आयुष्यभराची पुंजी घालवलेली माणसं याच शहरात आहेत. त्यांत शिकलेलेही आहेत. फसवणारे करतात काय? 'आत्ताच्या आत्ता' म्हणतात आणि 'कुणाला सांगू नका' म्हणतात. म्हणजे घाई आणि एकटेपण. हिशेबातल्या चुका ही काही वेळा स्मृतिभ्रंशाची सुरुवातही असते, त्यामुळे कुणाच्या बोलण्यात तसं दिसलं तर तुझ्या प्रश्नावलीपेक्षा त्यांना डॉक्टरांकडे नेणं जास्त महत्त्वाचं. तुझी प्रयोगशाळा मात्र नेमकी एकट्या माणसाची आहे. खोलीत एक टेबल, एक खुर्ची. आपल्याकडे मुदत ठेव मोडायची की गुडघा बदलायचा, हे घरात चार जणांत बोलूनच ठरतं. सल्ला घेऊन ठरवलेला निर्णय तू कमकुवत धरणार का? मी नाही धरणार. मी उलट दोन फेऱ्या घेईन, एक एकट्याने, एक ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी बोलून, आणि निवड बदलते का पाहीन.

संमतिपत्र मराठीत कर, अक्षर मोठं घे, आणि सही करण्याआधी ते त्यांच्याच शब्दांत परत सांगायला लाव. घरी गेलीस की मुलगा किंवा सून हमखास मध्ये बोलेल, 'मॅडम, मीच सांगतो ना.' तेव्हा नम्रपणे थांबव, आणि आजींनी उत्तर द्यायला वेळ घेतला तर पेन खाली ठेवून बस. सुधारलेला प्रस्ताव सोमवारी आण. चाचणीच्या आधी चहा देणार असशील तर तोही पद्धतीत लिही.

तुझ्या बाई