वाचकांचे प्रश्न : तळ्यावर उतरलेले पट्टकादंब

प्रश्न : आमचे शेत मुक्ताईनगर तालुक्यात, हतनूर धरणाच्या फुगवट्यालगत आहे. घराच्या मागे आजेसासऱ्यांच्या वेळचे मातीचे मोठे तळे आहे. दोन हिवाळ्यांपासून दिवाळीनंतर तेथे पंचवीस-तीस मोठे राखाडी पक्षी येतात, दिवसभर काठावर बसून राहतात आणि अंधार पडला की हरभऱ्यात उतरतात. त्यांच्या डोक्यावर काळ्या रेघा आहेत, पण चार-पाच जणांच्या डोक्यावर मात्र नाहीत. मुले त्यांना पोळीचे तुकडे टाकतात. आबा, म्हणजे माझे सासरे, फटाके वाजवून त्यांना हाकलायचे म्हणतात. तळ्यात आम्ही रोहू आणि कटला सोडले आहेत, तेही हे पक्षी खातील अशी त्यांना भीती आहे. मला ते हवेहवेसे वाटतात, परंतु पिकाचे नुकसानही डोळ्यांआड करता येत नाही. आम्ही काय करावे?

उत्तर : ताई, आपण केलेल्या वर्णनावरून हे पट्टकादंब आहेत. ‘कादंब’ हे रानहंसाचे जुने संस्कृत नाव असून डोक्याच्या मागच्या बाजूस असलेल्या दोन आडव्या काळ्या पट्ट्यांमुळे ‘पट्टकादंब’ हे नाव पडले. चोच पिवळी व टोकाशी काळी, पाय नारिंगी आणि मानेच्या दोन्ही बाजूंना वरून खाली उतरणारी पांढरी रेघ, या खुणा आपण उद्या सकाळी पडताळून पाहाव्यात. ज्यांच्या डोक्यावर पट्टे नाहीत ते वेगळ्या जातीचे नाहीत. ती गेल्या उन्हाळ्यात जन्मलेली पिल्ले आहेत. हंसांची कुटुंबे पहिला हिवाळा एकत्रच काढतात, त्यामुळे आपल्या तळ्यावर दिसतो तो थवा बहुधा काही कुटुंबांचा मिळून झालेला असावा.

हे पक्षी मंगोलिया, तिबेट आणि लडाखमधील उंच सरोवरांच्या काठी अंडी घालतात आणि हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. उपग्रहाद्वारे माग ठेवलेल्या काही पट्टकादंबांनी समुद्रसपाटीपासून ७,००० मीटरहून अधिक उंचीवरून उड्डाण केल्याची नोंद झाली आहे. तेथील विरळ हवेतूनही पुरेसा प्राणवायू धरून ठेवणारे त्यांचे रक्त हे त्यामागचे एक कारण आहे. एरवी लहान तळ्यांवर ते फारसे थांबत नाहीत, कारण त्यांना चहूबाजूंनी मोकळी दृष्टी लागते. आपले तळे फुगवट्याजवळ असल्यामुळे आणि त्याचा काठ उघडा व उताराचा असल्यामुळे त्यांनी ते निवडले असावे. अस्तर घातलेल्या उभ्या काठांच्या शेततळ्यावर ते क्वचितच उतरले असते.

आता आबांच्या काळजीकडे वळतो, कारण ती खरी आहे. माशांविषयीची भीती मात्र त्यांनी मनातून काढून टाकावी. पट्टकादंब गवत, कोवळी पाने, मुळे आणि दाणे खातात. रोहू-कटल्यांना त्यांच्यापासून धोका नाही. हरभऱ्याचे नुकसान किती होईल, हे मात्र पीक कोणत्या अवस्थेत आहे यावर ठरते. पेरणीनंतर महिन्याभराने आपल्या घरातल्या बायका भाजीसाठी शेंडे खुडतात आणि त्यानंतर झाड उलट अधिक फुटते, हे खानदेशात कोणाला सांगायला नको. त्या दिवसांत हंसांनी वरवर टोचलेले पीक बऱ्याच अंशी भरून निघते. गव्हाचेही तसेच आहे. फुटव्याच्या वेळी खुडलेले रोप पुन्हा वाढते, पण कांडी धरल्यानंतर झालेली हानी उत्पन्नात दिसते. हरभरा फुलावर आणि घाट्यांवर आला की मात्र त्यात थवा उतरू देणे परवडणारे नाही. याचा अर्थ, आपल्याला अख्खा हिवाळा नव्हे, तर पीक फुलावर आल्यापासून काढणीपर्यंतच राखायचे आहे.

राखण करताना वेळ सांभाळावी. पट्टकादंब संध्याकाळी, रात्री आणि पहाटे चरतात व दिवसा विसावतात, म्हणून दिवसा तळ्यावर जाऊन त्यांना उठवण्याने पिकाचा काहीही फायदा होत नाही. दिवस मावळण्याच्या सुमारास, थवा शेतात उतरण्यापूर्वीच, घरातल्या एका-दोघांनी कंदील किंवा बॅटरी घेऊन बांधावरून फेरी मारावी. पिकावर दोऱ्या ताणून त्यांना चमकणाऱ्या रिबिनी बांधाव्यात आणि बुजगावण्याची जागा दर दोन-तीन दिवसांनी बदलावी, कारण एकाच जागी उभे असलेले बुजगावणे हंस लवकरच ओळखतात. त्याचबरोबर तळ्यालगतचा गवताचा पडीक पट्टा नांगरू नये आणि तेथे कोणी त्यांना हुसकावू नये. चरायला एक निर्धास्त जागा राहिली तर बाकीच्या शेतावरचा भार कमी होतो, असा माझा अनुभव आहे. पिकावर बारीक नायलॉनची जाळी पसरू नये. तिच्यात पाय अडकून पक्षी रात्रभर तडफडतात.

फटाक्यांना माझा स्पष्ट विरोध आहे. अंधारात एकदम उठलेला थवा विजेच्या तारांवर आदळू शकतो, कुटुंबे पांगतात आणि उरलेले पक्षी शेजाऱ्याच्या गव्हात उतरतात, म्हणजे आपले दुखणे त्याच्या गळ्यात पडते. दाण्यांना विषारी औषध लावून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकूही नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार या पक्ष्यांना मारणे वा पकडणे हा गुन्हा आहे आणि त्या दाण्यांनी गावातले मोर, तितर आणि शेळ्याही मरतील.

मुलांनी पोळी टाकणे आजच थांबवावे, हे लिहिताना मला वाईट वाटते, कारण त्यांचा हेतू प्रेमाचा आहे. परंतु पिठाच्या पदार्थांनी पोट भरलेल्या हंसाला गवतातून मिळणारे पोषण मिळत नाही, न खाल्लेले तुकडे पाण्यात कुजतात, पक्षी दाटीने एकत्र येतात आणि त्यामुळे रोग पसरायला वाव मिळतो. याहून मोठे नुकसान म्हणजे माणसाची भीती गेलेला पक्षी पुढच्या गावी कोणाच्या हाती सापडेल, हे सांगता येत नाही. मुलांना त्याऐवजी एक काम द्यावे. एका पौषात मी हतनूरच्या काठावर पहाटेच्या धुक्यात बसलो होतो. सगळे पक्षी माना खाली घालून चरत होते, पण एक जण मान ताठ करून उभा होता, आणि काही वेळाने त्याने मान खाली घालताच दुसऱ्याने वर केली. मुलांनी घराच्या पडवीतून हा पहारेकरी शोधावा. एकापाठोपाठ एक माना वर होऊ लागल्या की आपण फार जवळ आलो आहोत असे समजून मागे फिरावे. एखाद्याच्या गळ्यात रंगीत पट्टी दिसली, तर तिचा रंग आणि तिच्यावरील अक्षरे वहीत उतरवून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावीत. मंगोलियात अशी पट्टी घातलेले पट्टकादंब भारतात आढळले आहेत.

विष्ठेमुळे काठ घाण होतो आणि उन्हाळ्याकडे पाणी हिरवट होऊ लागते, एवढा त्रास मात्र सोसावा लागेल. ते पाणी पिकाला देण्यास हरकत नाही. गुरांना तळ्यात न सोडता विहिरीचे पाणी हौदात भरून द्यावे. मार्चमध्ये थवा परत फिरेल.

प्रश्न : आम्ही नवापूरजवळ राहतो. परसात पंधरा-वीस कोंबड्या आहेत. रानहंस व बदके जवळच्या पाझर तलावावर येतात. बर्ड फ्लूची भीती बाळगावी का?

उत्तर : आपल्या भागाला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे, कारण फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू नवापुरातच आढळला आणि तेथील शेतकऱ्यांनी त्याची झळ सोसली. पट्टकादंबांनाही हा रोग होतो. २००५ मध्ये चीनमधील छिंगहाय सरोवरावर त्यांचे हजारो पक्षी त्याने मेले. म्हणून घाबरून जाऊ नये, पण दोघांना एकत्रही येऊ देऊ नये. कोंबड्यांना तलावाचे पाणी पाजू नये, हिवाळ्यात त्यांना खुराड्यातच दाणा-पाणी द्यावे आणि तलावावरून आल्यावर चपला बाहेर काढून हात-पाय धुवावेत. परसात पाळीव हंस असतील तर त्यांनाही तलावावर सोडू नये. मेलेले पक्षी, मग ते रानातले असोत वा घरचे, उघड्या हातांनी उचलू नयेत. ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

प्रश्न : धुळ्याजवळच्या आमच्या गावात संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पंखात मांजा अडकलेला एक हंस सापडला. मुलांनी त्याला टोपलीखाली झाकून ठेवले आहे आणि ते पाळू म्हणतात.

उत्तर : पाळू नये, ते कायद्यात बसत नाही आणि त्याला जगवणारेही नाही. मांजा ओढून काढण्याचा प्रयत्न न करता, दोरा पंखाच्या दोन्ही बाजूंना कात्रीने कापावा आणि मांसात रुतलेला भाग तसाच ठेवावा. त्याला कापडात अलगद गुंडाळून, पंख अंगाशी राहतील अशा रीतीने भोके पाडलेल्या खोक्यात, अंधाऱ्या आणि शांत जागी ठेवावे. तोंडात पाणी ओतू नये, दूध किंवा पोळी भरवू नये. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच दूरध्वनी करावा आणि माणसे येईपर्यंत कुत्रा, मांजर व बघ्यांची गर्दी दूर ठेवावी. पक्षी जेथे सापडला ती जागा नीट लक्षात ठेवावी. तो बरा झाला तर त्याला तेथेच सोडणे इष्ट ठरते, कारण त्याची माणसे, म्हणजे त्याचे कुटुंब, तेव्हाही त्याच पाण्यावर असण्याची शक्यता असते.